तरुण मुलींचा दम आणि तंबाखू

गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस मलंगगड रस्त्यावरच्या एका गावातली एकवीस वर्षांची मुलगी आजीला घेऊन माझ्या दवाखान्यात आली. मुलगी पोलीस भरतीची तयारी करीत होती. भरतीच्या मैदानी चाचणीत मुलींना ८०० मीटर धावावे लागते. सहा महिने ही मुलगी रोज पहाटे उठून पळत होती, पण वेळ काही केल्या कमी होत नव्हती. "सर, पहिला राऊंड बरोबर जातो. दुसऱ्याला छाती भरून येते आणि पाय उचलतच नाहीत," असे ती म्हणाली. तिला ताकदीचे इंजेक्शन हवे होते. मैत्रिणीने सांगितलेले नाव चिठ्ठीवर लिहून आणलेही होते.

तिला तपासले. फुफ्फुसे स्वच्छ, हृदयाचे आवाज व्यवस्थित. रक्तदाब १२६/८४, म्हणजे त्या वयाच्या सडपातळ मुलीला जरा जास्तच. दहा मिनिटे शांत बसवल्यावरही नाडी मिनिटाला ९६. रोज पळणाऱ्या तरुण मुलीची नाडी सत्तरच्या आसपास, कित्येकदा त्याहून कमी असते. पापण्या फिकट होत्या, म्हणून रक्त तपासायला पाठवले. हिमोग्लोबिन ९.८ आले. एवढे रक्त कमी असले की दम लागतो आणि नाडीही वाढते. लोहाच्या गोळ्या लिहून मी मोकळा झालो असतो. पण ती बोलत असताना दातांच्या मुळाशी काळसर रेघ दिसली. मी विचारले, "मशेरी लावतेस का?" ती आजीकडे पाहू लागली. उत्तर आजीनेच दिले, "लावते की. आमचे घरान सगल्याच लावतान."

दिवसातून पाच वेळा. त्यातली पहिली पळायला जाण्याआधी, पोट साफ व्हावे म्हणून.

येथे मला एक कबुली दिली पाहिजे. माझ्या व्यवसायाची पहिली कित्येक वर्षे मी हा प्रश्न बायकांना विचारतच नसे. पुरुष रुग्ण खोकत आला की "बिडी-सिगरेट किती?" हे आपोआप तोंडातून येते. बाईला तेच विचारणे म्हणजे तिचा अपमान, असे कुठे तरी मनात असते. बरे, विचारले तरी "व्यसन आहे का?" असे विचारून उपयोग नाही. मशेरी लावणारी बाई अगदी प्रामाणिकपणे "नाही" म्हणते. तिच्या दृष्टीने ते दात घासणे आहे. प्रश्न नाव घेऊनच विचारावा लागतो.

आकडे पाहिले म्हणजे हा प्रश्न किती महत्त्वाचा आहे ते कळते. २०१६-१७ साली देशभर झालेल्या तंबाखूविषयक सर्वेक्षणात महाराष्ट्रातील प्रौढ स्त्रियांपैकी धूम्रपान करणाऱ्या १.४ टक्के होत्या, तर मशेरी, तंबाखू, तपकीर असा बिनधुराचा तंबाखू वापरणाऱ्या १६.६ टक्के. म्हणजे साधारण सहांत एक. ठाणे-कल्याणच्या गावठाणांत आणि चाळींत ज्यांचा वावर आहे, त्यांना हे ऐकून आश्चर्य वाटू नये.

सिगरेट ओढणाऱ्या मुली नाहीत असेही नाही. त्यांतली एक माझ्याकडे लहानपणापासून येते. आता सव्वीस वर्षांची आहे, डोंबिवलीहून ऐरोलीला एका कंपनीत रात्रपाळीला जाते. तिने जिमला नाव घातले आणि तिसऱ्याच दिवशी ट्रेडमिलवर दहा मिनिटांत धाप लागून बाजूला बसली. स्टेशनचा पूल चढतानाही मधल्या टप्प्यावर थांबावे लागते म्हणाली. दिवसाला सहा सिगरेटी, त्याही फक्त ऑफिसात गेल्यावर. "डॉक्टरकाका, सहाच. आमच्या ग्रुपमध्ये सगळ्यांत कमी माझ्याच. आणि माझं वय तरी काय आहे?"

मुलींनी सिगरेट ओढणे शोभते की नाही, यावर भाषण देणारे पुष्कळ आहेत, त्यांत मी भर घालणार नाही. मुलाने ओढलेली चालते आणि मुलीने ओढलेली चालत नाही, हा न्याय मला कधी पटला नाही. परंतु "माझे वय तरी काय" या प्रश्नाला उत्तर दिले पाहिजे. तंबाखूचे दुष्परिणाम साठीत दिसतात, कॅन्सर झाला तर पुढे कधी तरी, असा सर्वसाधारण समज आहे. तो चुकीचा आहे. हृदयाकडून तंबाखू आपली वसुली पहिल्या दिवसापासून करतो. बसून राहणाऱ्याच्या ते लक्षात येत नाही, पळणाऱ्याच्या येते.

आपण स्वस्थ बसलेलो असताना हृदय मिनिटाला सुमारे पाच लिटर रक्त पुढे ढकलते. जोरात पळताना स्नायूंना प्राणवायू पुरवण्यासाठी हेच काम तीन-चार पटींनी वाढवावे लागते. त्यासाठी ठोके वाढतात, प्रत्येक ठोक्याला जास्त रक्त बाहेर पडते, आणि स्नायूंकडे जाणाऱ्या रोहिण्या रुंदावतात. प्राणवायू वाहून नेण्याचे काम रक्तातील हिमोग्लोबिनचे. या साखळीतील प्रत्येक कडीवर तंबाखूचा हात पोचतो.

सिगरेट किंवा बिडीच्या धुरात कार्बन मोनॉक्साईड वायू असतो. बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवून झोपलेली माणसे गुदमरून दगावतात, तो हाच. हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट चिकटतो. धूम्रपान न करणाऱ्या माणसाच्या रक्तातही त्याचा एखादा टक्का असतो. ओढणाऱ्याच्या रक्तात तीन ते आठ टक्के, पुष्कळ ओढणाऱ्याच्या त्याहूनही जास्त. लोकलच्या डब्यात रोज काही सीटवर कोणी सामान ठेवून जावे आणि ते हलवता येऊ नये, तशातला हा प्रकार. शिवाय उरलेले हिमोग्लोबिन आपल्याजवळचा प्राणवायू स्नायूंना सहजी सोडत नाही.

आता यात आपल्याकडच्या मुलींची गोष्ट वेगळी का, ते पाहा. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आहे. ऐरोलीला जाणाऱ्या मुलीचे हिमोग्लोबिन ११ निघाले. हिमोग्लोबिनचा एक ग्रॅम सुमारे १.३४ मिलिलिटर प्राणवायू वाहतो. साडेतेरा हिमोग्लोबिन असलेली निरोगी मुलगी १०० मिलिलिटर रक्तातून १८ मिलिलिटर प्राणवायू नेते. हिचे मुळात पावणेपंधरा. त्यातले सहा टक्के कार्बन मोनॉक्साईडने अडवले असे धरले तर चौदाच्याही आत. म्हणजे ट्रेडमिलवर पाय ठेवण्याआधीच जवळजवळ चौथा हिस्सा गेला. युरोप-अमेरिकेतल्या मुलीला सहा सिगरेटी जेवढ्या बाधतात, त्यापेक्षा अशक्त रक्ताच्या आपल्या मुलीला जास्त बाधतात, एवढे या साध्या हिशेबावरून कळावे.

दुसरा भाग निकोटीनचा, आणि तो सिगरेट, बिडी, हुक्का, मशेरी सर्वांत आहे. निकोटीन शरीरातले अॅड्रिनलिन चाळवते. नाडी मिनिटाला दहा-वीस ठोक्यांनी वाढते, रक्तदाब चढतो, रोहिण्या आकसतात. हृदय काही काम नसताना धावपळ करू लागते. दिवसात पाच-सहा वेळा असा चाबूक बसू लागला की दोन गोष्टी होतात. विश्रांतीतली नाडी कायमची वाढते. आणि खरोखर पळायची वेळ येते तेव्हा हृदय त्या चाबकाला सरावलेले असते, ठोके हवे तेवढे भरभर वाढत नाहीत.

हे केवळ तर्काने सांगत नाही. ग्रीसमधील डॉक्टरांनी २० ते २९ वयाच्या २९८ निरोगी तरुण-तरुणींना ट्रेडमिलवर चालवून-पळवून पाहिले आणि निष्कर्ष २०१३ साली प्रसिद्ध केले. धूम्रपान करणाऱ्यांची बसल्या जागी नाडी जास्त होती, व्यायामात ती सावकाश वाढत होती, आणि वयाप्रमाणे जेथपर्यंत जायला हवी तेथपर्यंत पोचत नव्हती. वयाप्रमाणे कमाल नाडी किती, याचा ढोबळ हिशेब २२० वजा वय असा करतात. एकवीस वर्षांच्या मुलीची सुमारे २०० पर्यंत जायला हवी. ७० वरून २०० म्हणजे १३० ठोक्यांचा वाव. तळ ९० वर आला आणि माथा १८५ वर राहिला, तर वाव ९५ चा. "दुसऱ्या राऊंडला पाय उचलत नाहीत" याचा अर्थ असा काहीसा असतो.

त्याआधीचीही उदाहरणे आहेत. एरोबिक्स हा शब्द ज्यांच्यामुळे घराघरांत पोचला त्या डॉ. केनेथ कूपर यांनी १९६८ साली अमेरिकी हवाई दलातील ४१९ जवानांना बारा मिनिटे पळवले होते. जितक्या सिगरेटी जास्त आणि जितकी वर्षे जास्त, तितके कापलेले अंतर कमी. १९८८ साली स्वित्झर्लंडमध्ये एकोणीस वर्षांच्या साडेसहा हजार सैनिकी उमेदवारांत तेच आढळले. एकोणिसाव्या वर्षी! हे सगळे पुरुष होते. जवानांना पळवून पाहायची सोय होती, बायकांच्या दमाची चौकशी पुष्कळ उशिरा सुरू झाली.

व्यायामात हृदयाला स्वतःलाही जास्त रक्त लागते. हाता-पायांचे स्नायू गरज वाढली की रक्तातून जास्त प्राणवायू ओढून घेऊ शकतात. हृदयाच्या स्नायूला ती सोय फारशी नाही. तो एरवीही आलेल्या रक्तातला सत्तर-पंचाहत्तर टक्के प्राणवायू काढून घेतो. त्याला जास्त हवा असेल तर जास्त रक्तच यावे लागते, म्हणजे हृदयाच्या रोहिण्या रुंदावल्या पाहिजेत. रोहिणीच्या आतल्या नाजूक अस्तराला हे काम असते, आणि धुराने पहिली इजा होते ती याच अस्तराला. त्यातून हृदयाच्या स्नायूला रक्त मिळते ते मुख्यतः दोन ठोक्यांच्या मधल्या विसाव्यात. नाडी विनाकारण वाढली की तो विसावाच कमी होतो.

तरुण मुलीला यामुळे लगेच झटका येईल असे मी म्हणत नाही. तसे क्वचितच होते. पण पाया त्या वयात घातला जातो. २०११ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात अनेक देशांच्या अभ्यासांची एकत्र मोजदाद आली. धूम्रपानाने हृदयविकाराचा धोका जितक्या पटीने वाढतो, ते वाढणे स्त्रियांत पुरुषांपेक्षा सुमारे २५ टक्के अधिक आढळले. "सहाच" म्हणणाऱ्या माझ्या रुग्णासाठी २०१८ सालचा दुसरा निष्कर्ष आहे: दिवसाला एकच सिगरेट ओढणाऱ्या स्त्रीचाही हृदयविकाराचा धोका कधीच न ओढणारीच्या मानाने निम्म्याहून अधिक वाढतो. वीसवरून एकवर आल्याने धोका विसाव्या हिश्श्यावर येत नाही. हे तिला सांगितले तेव्हा ती जरा रागावली.

तिला आणखी एक विचारले, तेही आई बाहेर बसलेली असताना. लग्न ठरले होते आणि पाळी नियमित यावी म्हणून ती कोणाच्या तरी सांगण्यावरून गोळ्या घेत होती. माला-डीसारख्या इस्ट्रोजेन असलेल्या गोळ्या आणि धूम्रपान ही जोडी वाईट. दोन्ही मिळून रक्ताची गुठळी होण्याचा, झटक्याचा आणि पक्षाघाताचा धोका वाढवतात. वयाच्या पस्तिशीनंतर धूम्रपान करणाऱ्या स्त्रीला या गोळ्या देऊ नयेत असा जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला आहे. पस्तिशीच्या आत धोका कमी असतो, पण गोळी देणाऱ्या डॉक्टरला सिगरेटबद्दल माहीत असलेच पाहिजे. तांबी किंवा सरकारी दवाखान्यात मिळणारी 'छाया' ही इस्ट्रोजेन नसलेली गोळी, असे इतर मार्ग आहेत. औषधाच्या दुकानातून गोळ्या आणताना हे विचारणारे तेथे कोणी नसते.

आता मशेरीकडे वळू. वाचक म्हणतील, तिच्यात धूर कुठे आहे? खरे आहे. लावताना कार्बन मोनॉक्साईड पोटात जात नाही. (तंबाखू तव्यावर काळा होईपर्यंत भाजताना घरभर जो ठसका उठतो तो वेगळा, आणि तो पाळण्यातल्या मुलालाही मिळतो.) पण निकोटीन हिरड्यांतून रक्तात जाते, आणि बोट फिरवून बाई दहा-पंधरा मिनिटे तशीच बसते. सिगरेटमधले निकोटीन झटकन चढते व उतरते, मशेरीचे सावकाश चढते आणि बराच वेळ रेंगाळते. दिवसातून पाच वेळा लावणारीचे हृदय दिवसभर हलक्या चाबकाखाली असते. ५२ देशांत झालेल्या 'इंटरहार्ट' अभ्यासाचे २००६ साली जे निष्कर्ष आले, त्यांत फक्त तंबाखू खाणाऱ्यांतही हृदयविकाराच्या झटक्याचे प्रमाण न खाणाऱ्यांच्या दुपटीहून अधिक होते. आपल्या शेजारी मुंबईत १,२१७ गरोदर स्त्रियांचा अभ्यास झाला, तो २००४ साली प्रसिद्ध झाला. बिनधुराचा तंबाखू, त्यांतही मुख्यतः मशेरी, वापरणाऱ्यांची बाळे सरासरी १०५ ग्रॅमने हलकी जन्मली होती. दंतमंजनात तंबाखू घालायला १९९२ पासून कायद्याने बंदी आहे, पण घरच्या तव्याला कायदा लागू होत नाही.

हुक्क्याविषयी दोनच वाक्ये. पाण्यातून आल्याने धूर शुद्ध होत नाही, आणि निखाऱ्याचा कार्बन मोनॉक्साईड वर मिळतो. ई-सिगरेटवर देशात २०१९ पासून बंदी आहे, तरी मुलांच्या खिशात ती सापडते, आणि तिच्यातही निकोटीनच असते.

आपले हृदय कोठे आहे हे प्रत्येक मुलीला घरी पाहता येते. सकाळी जाग आल्यावर, अंथरुणातून उठण्यापूर्वी, मनगटावर अंगठ्याच्या मुळाशी दोन बोटे ठेवून पूर्ण मिनिट नाडी मोजावी. सात दिवस मोजून कॅलेंडरवर लिहावी. मग एक दिवस तीन मजले नेहमीच्या चालीने चढावेत, वर पोचताच पंधरा सेकंद नाडी मोजून चाराने गुणावी, आणि एक मिनिट उभे राहून पुन्हा मोजावी. त्या एका मिनिटात नाडी निदान बारा-पंधरा ठोक्यांनी उतरायला हवी. उतरत नसेल किंवा सकाळची नाडी रोज नव्वदच्या वर असेल, तर तंबाखू, रक्तक्षय, थायरॉईड यांपैकी काही तरी पाहावे लागेल. गरोदर असाल किंवा चढताना छातीत दुखत असेल तर हा प्रयोग करू नये, सरळ डॉक्टरकडे जावे. बायकांचे हृदयाचे दुखणे नेहमी छातीतच येते असे नाही. जबडा, पाठ, दंड दुखणे, घाम, मळमळ, अकारण धाप याही रूपात येते, आणि "पित्त झाले" म्हणून दिवस घालवले जातात.

सोडल्यावर हृदय फार लवकर माफ करते, निदान तरुणपणी. शेवटच्या सिगरेटनंतर वीस मिनिटांत नाडी उतरू लागते. रक्तातला कार्बन मोनॉक्साईड चार-पाच तासांत निम्मा होतो आणि दुसऱ्या दिवशी जवळजवळ पूर्ववत. काही आठवड्यांत जिन्यावरचा दम कमी होतो. हृदयविकाराचा वाढीव धोका वर्षभरात निम्म्यावर येतो. वजन वाढेल ही मुलींची भीती अगदीच खोटी नाही. वर्षात सरासरी चार-पाच किलो वाढते, म्हणून व्यायाम सोडण्याआधीच सुरू करावा. पहिले तीन-चार दिवस चिडचिड, डोके दुखणे, झोप न येणे हे होणार, त्यासाठी परीक्षा किंवा लग्नघाईचा आठवडा निवडू नये.

मशेरी सोडताना खरी अडचण पोटाची असते, आणि तिची चेष्टा करू नये. निकोटीनने आतडी चाळवतात, ते बंद झाले की चार-सहा दिवस कोठा जड होतो आणि बाई पुन्हा डबी उघडते. रात्री इसबगोल, सकाळी उठल्यावर दोन पेले कोमट पाणी, जेवणात पालेभाजी आणि भाकरी, एवढ्याने बहुतेकींचे भागते. हिरड्या दुखत असतील तर दंतवैद्याला दाखवावे. दात मशेरीने घट्ट होत नाहीत, दुखणे निकोटीनने बधिर होते इतकेच. फारच तलफ येत असेल तर निकोटीनचे च्युइंगगम डॉक्टरांच्या सल्ल्याने घेता येते. १८००-११-२३५६ या सरकारी क्रमांकावर फुकट सल्ला मिळतो.

भरतीची तयारी करणाऱ्या मुलीने आधी पळण्यापूर्वीची मशेरी बंद केली, मग दुपारच्या दोन, आणि तीन आठवड्यांत सगळी. बरोबर लोहाच्या गोळ्या चालू होत्या, जेवणानंतर लगेच चहा घेणे बंद केले होते. दोन महिन्यांनी हिमोग्लोबिन ११.४ झाले, बसल्या जागी नाडी ७८. दुसरा राऊंड आता पुरा होतो म्हणते. यात लोहाचा वाटा किती आणि मशेरी सोडल्याचा किती, ते मला सांगता येणार नाही, दोन्ही एकदमच केले. इंजेक्शनाची चिठ्ठी मी तेव्हाच ठेवून घेतली होती. आजीची मशेरी चालूच आहे, पण तवा आता मागच्या अंगणात गेला आहे.

ऐरोलीची मुलगी सहावरून दोनवर आली आणि दोनवर अडकली आहे. पाळीपाली संपल्यावर स्टेशनबाहेर एक आणि मैत्रिणींबरोबर एक. इस्ट्रोजेनच्या गोळ्या बंद केल्या आहेत. रोज सकाळची नाडी लिहून आणायला तिला सांगितले आहे. ज्या वाचक भगिनी या कारणासाठी आपल्या डॉक्टरकडे जाणार असतील, त्यांनीही सात दिवसांच्या नाडीचा कागद, चालू असलेल्या सर्व गोळ्यांची पाकिटे आणि हिमोग्लोबिनचा शेवटचा रिपोर्ट बरोबर न्यावा, आणि सिगरेट, मशेरी, तपकीर जे काही असेल ते विचारण्याची वाट न पाहता स्वतःहून सांगावे.